कुकीजचं काय करायचं? कुठला बिल्ला ठेवायचा, कुठला नाही

परवा इंदूरच्या लोकमान्य नगरला मावशीकडे गेले तर ती फोन समोर धरून वैतागून बसलेली. रेसिपीची साइट उघडली की अर्धा स्क्रीन झाकणारी पाटी येते, आम्ही कुकीज वापरतो, मान्य आहे का, आणि खाली हे मोठं हिरवं बटण. "अगं हे सारखं काय विचारून राहिलंय? मी आपलं हो म्हणते नि पुढे जाते," मावशी म्हणाली. आणि लगेच दुसरं, "मागल्या आठवड्यात एक माहेश्वरी साडी बघितली, घेतली पण नाही, तर आता बातम्या उघडल्या तरी तीच, पंचांग बघायला गेलं तरी तीच, यांना कसं कळतं मी कुठे आहे ते?" तिला वाटत होतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण आहे एकच. तासभर बसून समजावलं, फोनमध्ये सेटिंग करून दिलं, आणि घरी येताना वाटलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण मावशीसारखे खूप जण आहेत आणि त्यांना सांगणारे एकतर घाबरवून सोडतात नाहीतर म्हणतात सगळं डिलीट करून टाका, आणि दोन्ही चूक आहे.

आधी कुकी म्हणजे काय ते. बुधवारी खजरानाच्या गणपतीला गेलात की बाहेर स्टँडवर चप्पल ठेवता आणि तो माणूस नंबरचा बिल्ला देतो. एवढ्या गर्दीत त्याला तुमचा चेहरा लक्षात राहणं शक्यच नाही, तशी गरज पण नाही, परत आलात, बिल्ला दाखवला, की त्या नंबरच्या खणातली चप्पल तुमची. वेबसाइटचं अगदी हेच आहे. वेब ज्या पद्धतीवर चालतं, म्हणजे एचटीटीपी, तिला आठवण नावाची गोष्टच नाही, तुम्ही एक पान मागितलं, तिने दिलं, संपलं, दुसरं पान मागायला गेलात की तुम्ही पुन्हा अनोळखी. मग लॉगिन टिकणार कसं, कार्टमध्ये टाकलेली वस्तू पुढच्या पानावर दिसणार कशी? तर पहिल्याच भेटीत सर्व्हर, म्हणजे साइट जिथून येते तो तिकडचा कॉम्प्युटर, पानासोबत एक छोटी चिठ्ठी पाठवतो, ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखं ज्यातून आपण साइट बघतो ते, ती जपून ठेवतो, आणि त्याच साइटकडे परत जाताना दर वेळी आपणहून दाखवतो. ही चिठ्ठी म्हणजे कुकी, आपला बिल्ला.

ही युक्ती १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनियरने काढली. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाची अर्धवट खरेदी सर्व्हरवर साठवून न ठेवता कशी लक्षात ठेवायची असा प्रश्न होता, त्यातून हे निघालं. नावाचं म्हणाल तर प्रोग्रॅमर लोकांत आधीपासून मॅजिक कुकी असा शब्द होता, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दिलेली आणि जशीच्या तशी परत घ्यायची खूण, त्यावरून ते आलं.

एक भीती आधी काढून टाकते. कुकी हा व्हायरस नाही, ती चालत नाही, तुमचे फोटो किंवा मेसेज वाचत नाही, साधा मजकूर असतो, एका कुकीत साधारण ४ केबी म्हणजे जास्तीत जास्त ४०९६ बाइट एवढाच. आणि ज्या साइटने दिली तिलाच ती परत दाखवली जाते, बँकेची कुकी साडीवाल्याला दिसत नाही.

काही कुकी ब्राउझर बंद केला की जातात, त्या सेशन कुकी, आणि काहींवर मुदत लिहिलेली असते, त्या तोपर्यंत राहतात. क्रोमने २०२२ पासून नियम केलाय की कुठल्याही कुकीला ४०० दिवसांपेक्षा जास्त मुदत नाही, आधी लोक दहा-दहा वर्षांची पण टाकायचे.

लॅपटॉप असेल तर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघाच, ऐकून जे समजत नाही ते बघून समजतं. क्रोममध्ये कुठलीही साइट उघडा, एफ १२ दाबा, वरच्या पट्टीत अ‍ॅप्लिकेशन, मग डाव्या बाजूला स्टोरेजच्या खाली कुकीज. एक तक्ता उघडेल, नाव, व्हॅल्यू, डोमेन, मुदत, साइझ असे कॉलम. मी आईच्या लॅपटॉपवर तिची नेहमीची रेसिपीची साइट उघडून तिला दाखवलं. त्यात एक ओळ होती अंडरस्कोर जीए नावाची, ही गूगल अ‍ॅनालिटिक्सची, म्हणजे साइटवर किती लोक येतात ते मोजणाऱ्या गूगलच्या सेवेची, बऱ्याच साइटवर सापडेल, आणि व्हॅल्यूमध्ये शेवटी दोन लांब आकडे होते. पहिला नुसताच कसाही निवडलेला नंबर, म्हणजे आईचा बिल्ला क्रमांक. दुसरा होता १७३५७००४१२. हा नंबर म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, कॉम्प्युटर वेळ असाच मोजतो, आणि हिशोब केला तर निघतं १ जानेवारी २०२५, सकाळचे साडेआठ. आईने त्या साइटवर त्या ब्राउझरमधून पहिल्यांदा पाय ठेवला ती वेळ! आई बघतच राहिली, म्हणाली बरोबर आहे, त्या दिवशी सगळे पोह्यांना येणार होते आणि मी जिलबीचं काही शोधत होते. तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं, पण ती कधी आली हे तिच्याच लॅपटॉपमध्ये लिहून ठेवलेलं होतं आणि ती दर वेळी ते परत दाखवत होती.

आता मावशीच्या साडीकडे येते, कारण खरी गोम इथे आहे.

छप्पन दुकानवर, म्हणजे आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, समजा तुम्ही संध्याकाळी फिरताय. एका दुकानात हॉट डॉग खाल्ला, त्या दुकानदाराने तुम्हाला लक्षात ठेवलं, पुढच्या वेळी न सांगता चटणी जास्त दिली, यात कुणाचं काही वाईट नाही. ही झाली फर्स्ट पार्टी कुकी, ज्याच्या दुकानात गेलात त्याचीच. पण समजा प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकाच कंपनीचा एकेक माणूस वही घेऊन उभा आहे, दुकानदाराने त्याला पैशांसाठी उभं राहू दिलंय, आणि त्याने पहिल्या दुकानात तुमच्या खिशात गुपचूप एक बिल्ला टाकला. मग दुसऱ्या दुकानात त्याचा दुसरा माणूस तोच बिल्ला बघतो आणि लिहितो, ४१७ नंबर, आधी तिकडे हॉट डॉग, आता इथे शिकंजी, बाई बरोबर आहेत, घाईत नाहीत. छप्पनच्या छप्पन दुकानांतल्या नोंदी रात्री एका वहीत जमतात. दुकानदारांना एकमेकांचं गिऱ्हाईक माहीत नाही, पण या एकाला सगळ्यांचं माहीत. ही थर्ड पार्टी कुकी.

वेबवर हा माणूस उभा असतो जाहिरातीच्या चौकोनात, लाइकच्या बटणात, किंवा कधी कधी फक्त एका ठिपक्याएवढ्या चित्रात जे डोळ्याला दिसतच नाही. पान उघडलं की ते चित्र दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि मागवताना ब्राउझर त्या कंपनीचा जुना बिल्ला दाखवून मोकळा होतो. मावशीने साडी बघितली तेव्हा साडीच्या दुकानाच्या पानावर तो ठिपका होता, बातम्यांच्या साइटवर त्याच कंपनीची जाहिरातीची जागा होती, बिल्ला जुळला, साडी समोर. याला त्या धंद्यात रिटार्गेटिंग म्हणतात. साडीचं एवढं काही नाही हो, पण हाच बिल्ला तुम्ही शुगरची औषधं शोधली, कर्जाचे हप्ते शोधले, मुलीसाठी स्थळं बघितली, तेव्हा पण खिशात असतो, आणि मला त्याचा राग येतो, मनापासून येतो, कारण मावशीला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा असं विचारलं की तिला हो शिवाय दुसरं दिसूच नये.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे, पहिल्या प्रकारचे बिल्ले राहू द्या, दुसऱ्या प्रकारचे बंद करा. सगळंच बंद केलं तर बँक, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, कुठेच लॉगिन टिकणार नाही, आणि दोन दिवसांत वैतागून तुम्ही सगळं परत उघडून ठेवाल, असं मी तीन-चार घरांत बघितलंय.

अँड्रॉइड फोनवर क्रोम असेल, आपल्याकडे बहुतेकांचं तेच असतं, तर वर उजवीकडे तीन टिंबं, सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात थर्ड पार्टी कुकीज, आणि तिथे ब्लॉक थर्ड पार्टी कुकीज निवडा. काही व्हर्जनमध्ये हे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या आत असतं, एका जागी नाही दिसलं तर दुसरीकडे बघा. लॅपटॉपवर पण सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज. झालं, एवढंच, अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. हे स्वतःच्या हाताने करावं लागतं याचं कारण असं की गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं की दोन वर्षांत क्रोममधून थर्ड पार्टी कुकीज काढून टाकू, मग तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की वेगळी विचारणा पण करणार नाही, ज्याला बंद करायचंय त्याने सेटिंगमध्ये जाऊन करावं. म्हणजे तुम्ही काही केलं नाही तर वहीवाले उभेच.

आयफोनवाल्यांचं काम सोपं आहे, सफारीने मार्च २०२० पासूनच थर्ड पार्टी कुकीज पूर्ण बंद केल्यात, फक्त सेटिंग्जमध्ये सफारीत (नव्या व्हर्जनमध्ये ते अ‍ॅप्सच्या आत असतं) जाऊन प्रिव्हेंट क्रॉस साइट ट्रॅकिंग चालू आहे ना ते बघून घ्या. तिथेच अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ब्लॉक ऑल कुकीज असं पण असतं, त्याला हात लावू नका. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी वेगळी बरणी केलीय, एका साइटवर मिळालेला बिल्ला दुसऱ्या साइटवर असताना बाहेर काढताच येत नाही, मला स्वतःला हा उपाय सगळ्यात आवडतो आणि माझ्या लॅपटॉपवर मी तोच वापरते. एजमध्ये ट्रॅकिंग प्रिव्हेन्शन म्हणून आहे, ते बॅलन्स्डवर असतं, स्ट्रिक्ट करू शकता.

थर्ड पार्टी बंद केल्यावर क्वचित एखादी साइट अडते, म्हणजे पेमेंटची खिडकी उघडत नाही किंवा एका साइटमध्ये बसवलेला दुसरीकडचा व्हिडिओ लॉगिन मागत राहतो. तेव्हा सेटिंग उलटं करू नका. लॅपटॉपवर क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह येतं, त्यावर दाबून फक्त त्या साइटपुरती परवानगी देता येते, फोनवर पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबून.

आणि एखादीच साइट बिघडली असेल, सारखं बाहेर काढत असेल, चुकीची भाषा धरून बसली असेल, तर फक्त तिच्या कुकीज उडवा. पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह, कुकीज अँड साइट डेटा, त्यात ज्या साइटचा असेल तिच्यासमोरची कचऱ्याची टोपली. डिलीट ब्राउझिंग डेटा मध्ये जाऊन ऑल टाइम करून सगळं साफ करणं म्हणजे एका खोलीत झुरळ दिसलं म्हणून घर रिकामं करणं. तसं करायचंच असेल तर आधी सगळे पासवर्ड हाताशी आहेत ना ते बघा. माझ्या काकांनी केलं होतं, मग तीन दिवस ओटीपी येत होते.

आता ती पाटी. ती आली युरोपमुळे, तिथे २००२ चा एक कायदा होता, २००९ मध्ये त्यात बदल करून सांगितलं की गरजेपलीकडच्या कुकीज ठेवायच्या तर आधी माणसाला विचारा, मग २५ मे २०१८ पासून जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा तिथला कायदा, लागू झाला तेव्हा पाट्यांचा पूर आला, आणि २०१९ मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने हेही सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नाही. बऱ्याच साइट एकच पाटी सगळ्या जगाला दाखवतात म्हणून ती लोकमान्य नगरपर्यंत आली. आपल्याकडे पण डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत, त्यात स्पष्ट आहे की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत.

पाटीवर रिजेक्ट ऑल दिसलं तर बिनधास्त दाबा, साइट बंद पडत नाही. लॉगिन-बिगिनसाठी लागणाऱ्या कुकीज तरीही चालूच असतात, पाटीत त्यांना स्ट्रिक्टली नेसेसरी लिहितात आणि तो खटका बंद करताच येत नाही, ते ठीक आहे. अडचण अशी की अ‍ॅक्सेप्ट मोठ्या रंगीत बटणात आणि नाही म्हणायची वाट बारीक राखाडी अक्षरांत, मॅनेज किंवा मोअर ऑप्शन्स म्हणून. तिथे दाबा, आत यादी उघडते, सगळं आधीच बंद असलं तर कन्फर्म माय चॉइसेस किंवा सेव्ह. पण थांबा, तिथे बरेचदा लेजिटिमेट इंटरेस्ट, म्हणजे 'तुम्हाला न विचारता वापरायला आमच्याकडे रास्त कारण आहे', अशा नावाचा दुसरा टॅब असतो आणि त्यात खटके आधीच चालू ठेवलेले असतात, तिथे ऑब्जेक्ट ऑल असतं ते दाबायचं. मावशीच्या साइटवर नेमकं हेच होतं, आम्ही दोघींनी मिळून शोधलं तेव्हा सापडलं. आणि एक सांगते, तुमचा नकार पण एका कुकीतच लिहून ठेवतात, म्हणून रोज सगळं साफ केलंत तर पाटी रोज येणार.

आता एक गोष्ट घडलेली, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका जाहिरातीचा नाहीच. मागे भाचीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायला आम्ही घराजवळच्या एका दुकानात गेलो, झेरॉक्स, प्रिंट, फॉर्म, सगळं करणारं दुकान, शेवटचा दिवस, बाहेर रांग. मार्कशीट मेलमध्ये होती म्हणून भाचीने तिथल्याच कॉम्प्युटरवर मेल उघडलं, प्रिंट काढली, खिडकी बंद केली आणि आलो घरी. संध्याकाळी एका मुलाचा फोन, रांगेत आमच्या मागे होता, म्हणे दीदी तुमचं मेल इथे उघडं आहे, मी मेल उघडलं तर तुमचंच आलं. भला मुलगा होता म्हणून, नाहीतर त्या मेलमध्ये आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सगळं होतं. पासवर्ड कुणाला कळलाच नव्हता, गरजच नव्हती, कारण बिल्ला त्या कॉम्प्युटरमध्ये राहिला होता आणि सर्व्हरला बिल्ला दिसला की चप्पल कुणाची हे तो विचारत नाही.

म्हणून बाहेरच्या कॉम्प्युटरवर बसायचंच असेल तर आधी इनकॉग्निटो खिडकी उघडा, कंट्रोल शिफ्ट एन, त्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या की त्यातल्या कुकीज जातात. पण त्याआधी लॉगआउट दाबाच, नुसती खिडकी बंद करून भागत नाही, कारण लॉगआउटने बहुतेक साइटवर सर्व्हरच्या बाजूने तो नंबरच रद्द होतो, मग कुणी बिल्ल्याची नक्कल करून ठेवली असली तरी ती कामाची नाही. कुकी चोरणारे प्रोग्रॅम असतात, फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं की त्यासोबत येतात आणि ब्राउझरमधले सगळे बिल्ले उचलून नेतात, तेव्हा ओटीपी पण वाचवत नाही, कारण ओटीपी दारावर विचारतात आणि हा आधीच आत असतो. विसरून आलात तर घरून फोनवर गूगल अकाउंट, सिक्युरिटी, युअर डिव्हाइसेस मध्ये जा, तिथे तो कॉम्प्युटर दिसेल, साइन आउट करा. भाचीचं आम्ही असंच केलं, रात्री साडेनऊला, आणि पासवर्ड पण बदलला. इनकॉग्निटोबद्दल एवढं लक्षात असू द्या की त्यातून तुम्ही साइटला किंवा नेट देणाऱ्या कंपनीला अदृश्य होत नाही, ते फक्त त्या मशीनवर मागे काही ठेवत नाही.

थर्ड पार्टी बंद केली म्हणजे जाहिराती बंद होतील असं समजू नका, जाहिराती राहतील, फक्त पाठलाग कमी होईल. आईच्या लॅपटॉपमधली ती अंडरस्कोर जीए पण राहील, कारण ती रेसिपीच्या साइटच्याच नावावर असते. आणि जिथे तुम्ही लॉगिन करूनच बसता तिथे त्यांना बिल्ल्याची गरजच नाही, नाव माहीत आहे.

राहिली अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये कुकीऐवजी फोनचाच एक जाहिरातीचा नंबर असतो, वेगवेगळी अ‍ॅप तोच वाचू शकतात, म्हणजे परत तोच वहीवाला. अँड्रॉइडवर फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात अ‍ॅड्स, तिथे डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी आहे, ते करून टाका, काही बिघडत नाही. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ट्रॅकिंग, आणि तिथलं अलाव अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक बंद. मावशीच्या फोनमध्ये हे एकच राहून गेलं होतं, ते काल रात्री करून घेतलं, ती स्पीकर चालू ठेवून फोनमध्ये शोधत होती, मी इकडून एकेक शब्द सांगत होते, आणि शेवटी म्हणाली, "झालं ग, डिलीट झालं, आता तुझ्या आईचा पण कर."